भरल्या पोटाचं मत

विश्रामबागेतल्या ज्या क्लासात मी गणित शिकवतो, त्याच्या मालकांचं ठाम मत आहे की पोट भरलं की मेंदू झोपतो. म्हणून क्लासच्याच होस्टेलमधल्या मुलींना नाष्टा सकाळच्या सराव-पेपरानंतरच मिळतो. बोलताना ते कपाळावर बोट आपटतात आणि प्रत्येक वाक्याला "व्हय का न्हाई?" जोडतात.

परवा पेपर लिहिताना कोयनानगरची एक मुलगी चक्कर येऊन बाकावर कलंडली. मैत्रिणीनं तिच्यासाठी दप्तरातून भाकरी काढली, ती मालकांनी हिसकावून घेतली. मुलीला चहा-बिस्कीट देऊन मी केबिनमध्ये गेलो, तर ते तीच भाकरी खात होते.

"सर, पोरींचं अभ्यासात लक्षच न्हाई, व्हय का न्हाई? काय करावं?"

"त्यांची भाकरी त्यांना द्या," मी म्हणालो.

ते पोट धरून हसले. त्यांना तो विनोद वाटला.