दही लागल्याची खबर

शमशुद्दीन आतारांना दूध आवडत नसे, चहासुद्धा कोरा. तरी कात्रजच्या पलीकडल्या एका खासगी डेअरीत त्यांची बावीस वर्षं गेली. भवानी पेठेत ट्रान्झिस्टर दुरुस्त करणाऱ्याला मीटर कळतात, आणि डेअरीत दुधाखालोखाल मीटरच असतात.

अठ्ठ्याण्णव साली डेअरीत संगणक आला आणि त्याच्यासोबत कोथरूडचा साई. श्रीखंडाच्या दह्याची टाकी चार तास वीस मिनिटांनी थंड करायची, असं त्यानं संगणकाला सांगून ठेवलं. वेळ कधीच चुकली नाही. दही मात्र उन्हाळ्यात आंबट आणि थंडीत पातळ होऊ लागलं. पूर्वी टाक्यांवरच्या मालनबाई बोट लावून दही लागलं की नाही ते ओळखत, पण त्या महिनाभरात निवृत्त होणार होत्या. आतारांचा मीटर विभागही तीस एप्रिलला बंद होणार होता. स्वेच्छानिवृत्तीचं पत्र आलं होतं. त्यातली स्वेच्छा मालकांची.

आतारांनी मॅनेजर तात्यारावांकडे एक टाकी आणि एक सकाळ मागितली.

"घ्या," तात्याराव म्हणाले. "सकाळ फुकट आहे. दूध नाही, एवढं लक्षात ठेवा."

स्टीलच्या बारीक नळीत आतारांनी एक तार बसवली होती. तिला थोडी वीज देऊन कोमट ठेवायचं आणि तिचं तापमान काट्यावर वाचायचं.

"पातळ दूध फिरत असतं, तारेची ऊब घेऊन जातं," त्यांनी मालनबाईंना समजावलं. "दही लागलं की फिरणं थांबतं. ऊब तारेपाशीच साठते आणि काटा चढतो."

"म्हंजी पाव्हणा बसला की उठत न्हाई, तसं हाय."

"तसंच."

आठला विरजण पडलं. पावणेबाराला काटा चढू लागला, आणि एकाएकी धपकन खाली आला.

"काका, लूज कॉन्टॅक्ट असेल," साई म्हणाला. चेहरा त्यानं शक्य तेवढा दुःखी ठेवला होता.

आतारांनी यंत्राला हातही लावला नाही. "टाकी कुणी ढवळली?"

"कुणी नाही," टाकीच्या मागून तात्यारावांचा आवाज आला. पाठोपाठ तेही आले. हातात लांब दांड्याची पळी होती आणि पळीला पांढरं लागलं होतं. "नुसतं बघितलं. लागलंय का म्हणून."

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. "लागत्या दह्यात पळी? अवो, घरी सुनंनं केलं असतं तर चार दिवस बोलला असता तुमी!"

ती टाकी वाया गेली. पळी मॅनेजरची असल्यामुळे दुसरी टाकी मागावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तीन तास बावन्न मिनिटांनी काटा चढून स्थिरावला. संगणकाच्या हिशेबानं अजून अठ्ठावीस मिनिटं होती. मालनबाईंनी बोटाची पाठ दह्यावर टेकवली. बोट कोरडं निघालं.

"टाकीभोवती थंड पाणी सोडा," आतार म्हणाले.

साईनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बोटाकडे, आणि हातानं व्हॉल्व्ह उघडला. चक्का घट्ट आणि गोडसर उतरला. तात्यारावांनी तो दोनदा चाखला, दुसऱ्यांदा तपासणीसाठी.

"आतार, आठही टाक्यांना बसवा ही तार."

"बसवतो. महिनाभर लागेल. पुढं दर आठवड्याला तारा साफ करून काटे जुळवावे लागतील." आतार नळी पुसत होते. "पण साहेब, तीस तारखेला विभाग बंद होतोय."

तात्यारावांनी पळी काळजीपूर्वक भिंतीवर टांगली.

"कोण म्हणतं, विभाग बंद होतोय?"