धुतलेल्या कॅसेटी

टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या कॅसेटी मी पंचवीस वर्षं जमवल्या. पत्र्याची एक पेटी भरून आहेत. बाईमाणसानं, त्यातून चौथी शिकलेल्या बाईनं, असला नाद करावा का, हे लोकांनी विचारून झालंय. नाद होता तेव्हा मी उत्तर देत होते. आता नाद राहिला नाही आणि विचारणारेही गप्प झालेत. तो कसा गेला तेवढं लिहिते.

आमचे मालक वालचंदनगरला कारखान्यात टर्नर होते. क्वार्टर दोन खोल्यांचं. मुलगी सहावीत असताना तिनं हट्ट धरला म्हणून त्यांनी बारामतीहून टीव्हीवरचा गेम आणला. एक मशीन, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक, एक पिवळी कॅसेट. मुलीला महिन्याभरात कंटाळा आला. आणलेली वस्तू वाया का घालवायची, म्हणून दुपारी मी लावली. बदकं मारायची होती. पहिल्या दिवशी एक मेलं नाही. दुसऱ्या दिवशी चार मेली. तिसऱ्या दिवशी भाजी करपली.

कॅसेट चालली नाही की तिच्या फटीत फुंकर मारायची. चूल फुंकून माझी छाती तयार होती, त्यामुळं माझ्या फुंकरीनं चालली नाही अशी कॅसेट क्वचित. तरी नाही चालली तर मालक खोडरबरानं तिच्या तारा घासून द्यायचे. मशीन म्हटलं की त्यांचा हात हलका व्हायचा.

एकीवर भागेना. दुसरी विकत आणा म्हणायला मला लाज वाटायची. मग मला बोहारीण सुचली. जुने कपडे घेऊन त्यावर भांडी देणारी बाई आमच्या कॉलनीत महिन्यातून एकदा यायची. मोठ्या साहेबांच्या बंगल्यांतही जायची. त्यांची पोरं शिकायला पुण्याला गेलेली, कॅसेटी माळ्यावर पडलेल्या. मी तिला म्हटलं, मला भांडं नको, कपड्यावर कॅसेट दे.

तिनं टोपलं उतरवलं. म्हणाली, "बाई, समद्या बाया पातेलं मागत्यात, डबा मागत्यात. तुमी खेळणं मागताय. घरात बारकं प्वार हाय का कुनी?"

"न्हाय. मीच हाय."

"मग ही साडी जरीची पायजे."

"जरीच्या साडीवर दोन देशील."

"दोन कशा? एक कॅसेट आन एक चमचा."

असं आमचं चालायचं. माझ्या लग्नातल्या दोन साड्या त्यात गेल्या. वाईट वाटलं नाही. साड्या पेटीत पडून होत्या, कॅसेटी रोज लावल्या जायच्या.

मला इंग्रजी येत नाही. कॅसेटीवर चिकटवलेल्या कागदावरचं चित्र बघून मी ओळखायची. रणगाड्याची, माशांची, विटा रचायची, भिंतीवरून उड्या मारणाऱ्याची. वर हजार गेम लिहिलेल्या कॅसेटी मी घेत नसे. आत सहाच निघतात, तेच तेच, नुसते कपडे बदललेले. एका गेमची एक कॅसेट, असा माझा नेम होता. प्रत्येक कॅसेट घरी आल्यावर पुसायची, फुंकायची, शेवटपर्यंत खेळायची, मगच पेटीत. न खेळता एकही ठेवायची नाही.

मी खेळत असताना मालक खुर्चीत पेपर वाचत बसायचे. गेममध्ये माणूस मेला की एक ठरावीक आवाज येतो. तो आला की पेपराआडून विचारायचे, "गेलीस का?"

"गेले."

"किती जीव राहिले?"

"दोन."

"लय झाले."

एवढंच आमचं बोलणं. पंचवीस वर्षं तेच.

रिटायर झाल्यावर आम्ही शेळगावला त्यांच्या भावाकडं राहायला आलो. घर एकच, चुली दोन. खोलीत माझा जुना टीव्ही, मशीन आणि त्यांच्या कॉटखाली पेटी. मुलगी बारामतीला दिलेली. ती म्हणायची, आई, हे सगळे गेम आता मोबाईलमध्ये एका जागी मिळतात. मी म्हणायची, मग तू खेळ. ती खेळत नव्हती.

आता सांगायचं ते असं, की मालक जायच्या आधीच माझं मन उडालं होतं. लोकांना वाटतं ते गेले म्हणून मी खेळायचं सोडलं. ते ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही.

एक दिवस दुपारी मी रणगाड्याची कॅसेट लावली. पडदा आला, गाणं सुरू झालं. आता बटण दाबायचं. मी दाबलं नाही. रिमोट मांडीवर घेऊन बसून राहिले. डाळ भिजत घालायची राहिलीय एवढं मनात आलं, आणि ती घालायलाही उठले नाही. गाणं संपून परत पहिल्यापासून वाजायला लागलं. मालकांनी पेपर खाली केला.

"काय गं, बिघडलं का काय?"

"न्हाय. तुमचं वाचायचं चाललंय म्हणून थांबले."

"मला कशाला थांबतीस?"

मग मी बटण दाबलं आणि मुद्दाम मेले. आवाज आला. ते म्हणाले, "गेलीस का?" मी म्हटलं, "गेले." त्यांचं समाधान झालं.

मला वाटलं, आठवड्यात जाईल. गेलं नाही. एक एक कॅसेट लावून बघितली. माशांच्या गेममध्ये सगळ्यात शेवटी मोठा मासा येतो, त्याला बघून माझी छाती अजून धडधडायची. तोही आला. नुसता मासा होता. मग मला इतर गोष्टींचंही तसंच आहे हे दिसायला लागलं. जेवण तसंच, मुलगी आली तरी तसंच, सण तसाच. कॅसेटींवर आधी कळलं एवढंच, कारण त्यांची मला सगळ्यात जास्त ओढ होती. ओढ जाते तेव्हा माणसाला दुखत नाही. दुखलं असतं तर डॉक्टरकडं गेले असते. काय दुखतंय विचारलं असतं तर मी काय सांगणार?

मालकांना मी हे सांगितलं नाही. हे माझं चुकलं.

त्यांना शुगर होती. दर महिन्याला एसटीनं बारामतीला दवाखान्यात जायचे. तिथं स्टँडकडून येताना एक टीव्ही दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडं जुन्या कॅसेटी येत. मालक दवाखाना झाला की त्याच्याकडं जाऊन बसायचे, खोकी उपसायचे. संध्याकाळी घरी यायचे ते पिशवीत खाली भाजी, वर कॅसेट. पायाला सूज असायची. चप्पल काढताना हात भिंतीला टेकायचे आणि म्हणायचे, "आज वळख बघू काय घावलं."

त्यांना वाटायचं मला यातच जीव आहे. मी तोंड हसरं करायची. आणि त्यांच्यासमोर अर्धा तास खेळायची, ते काम म्हणून. धुणं धुवावं तसं.

शेवटची कॅसेट त्यांनी आणली तेव्हा मी स्वयंपाकात होते. नुसत्या निळ्या कागदाची, चित्र नसलेली होती एवढंच बघितलं. हात ओला होता म्हणून फळीवर ठेवा म्हटलं. रात्री ती पेटीत टाकली. न पुसता, न फुंकता, न लावता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "नवी खेळलीस का?"

"खेळले की. तुमी शेतात गेला होता तवा."

"कशाची हाय?"

दारावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली.

"मोटारसायकलची."

"व्हय का? बरं झालं. तुझ्याकडं मोटारसायकलची नव्हतीच." आणि मग ते भावाला सांगत बसले, भावजयीला सांगत बसले. हिला मोटारसायकलची घावली, चार महिने शोधत होतो. ते चार महिने शोधत होते हे मला तेव्हा कळलं. ती लावून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. उद्या लावीन म्हटलं.

पंधरा दिवसांनी ते गेले. दुपारी जेवून कॉटवर पडले ते उठले नाहीत.

आमच्यात सुतक फिटलं की घर धुवून काढतात. ज्या कॉटवर माणूस जातो, तिच्यावरचं आणि तिच्याखालचं सगळं पाण्यातून काढायचं, मगच घरात घ्यायचं. मी पुढच्या खोलीत भेटायला येणाऱ्या बायांत बसलेली. कॉटखालची पेटी माझ्या जावेनं हौदावर नेली. गाद्या, चादरी, त्यांची तांब्याची लोटी, सगळ्याबरोबर तिनं कॅसेटी घमेल्यात घातल्या, साबणाच्या पावडरीत भिजवल्या आणि एक एक ब्रशनं घासली. कुणी सांगितलं नव्हतं, पण हयगय करणारी बाई नाही ती. मी उठून मागं गेले तर हौदाच्या कठड्यावर कुरडया वाळत घालाव्यात तशा ओळीनं मांडलेल्या. एकीवरही चित्र नाही.

जाऊ माझ्यापेक्षा बरीच लहान. ती म्हणाली, "आक्का, लय कळकटल्या हुत्या. कागुद भिजून निघायलाच लागला, मग सगळाच खरवडून काढला. आता बघा, कशा नव्यावानी दिसत्यात."

मुलगी माझ्यामागून आली होती. ती ओरडली, "काकू, काय केलं हे? आईला आता कशी कळायची कुठली कुठली ते?"

जावेचा चेहरा उतरला. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी राग यायची वाट बघितली. यायला पाहिजे होता. माझ्या लग्नातल्या साड्या तिथं वाळत होत्या म्हणायच्या. पण काही आलं नाही. मी म्हटलं, "बरं केलंस. वाळल्या की पेटीत घाल."

मुलगी म्हणाली, "आई, तू काहीच कशी बोलत न्हाईस?"

तिला वाटलं मी दुःखानं गप्प आहे. मी गप्प होते कारण बोलण्यासारखं आत काही नव्हतं.

पेटी तशीच राहिली, सात-आठ महिने. मी उठायची, भाकरी थापायची, दुपार जायची. मग एकदा जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. तिला ते लागून राहिलं होतं. म्हणाली, "आक्का, त्यातली आबांनी शेवटाला आणलेली तेवढी तरी हुडकूया. ती मोटारसायकलची. मी तिच्यावर लिहून ठिवते. तुमाला कवातरी वाटलं खेळावं, तर घावंल."

मालकांना ती आबा म्हणायची. मोटारसायकलचं तिला त्यांनीच सांगितलेलं. तिला खरं मी तेव्हाही सांगितलं नाही. पण हुडकायचं मी कबूल केलं. कारण सोपं होतं. बाकीच्या सगळ्या मी खेळलेल्या आहेत, लावल्या की ओळखू येतील. जी लावल्यावर ओळखू येणार नाही, ती त्यांची. ती एकदा शेवटपर्यंत खेळायची, मी ठरवलं. ते चार महिने खोकी उपसत बसले, मी निदान एकदा खेळायला हवी होती. आणि मनात हेही होतं, की न पाहिलेला गेम आहे, कदाचित हात आपोआप चालतील. कदाचित परत काहीतरी वाटेल.

रोज दुपारी लाईट असेल तेवढा वेळ आम्ही बसायचो. मी लावायची, फुंकायची, बघायची आणि सांगायची. जाऊ चिकटपट्टीवर मराठीत लिहून वर चिकटवायची. बदक. रणगाडा. विटा. माझी फुंकर आता पुरत नाही, तर तीही फुंकायची आणि हसायची. म्हणायची, "सासूबाई असत्या तर म्हनल्या असत्या, ह्या दोघी पिसाटल्या." धुतल्यानं कॅसेटी बिघडतील असं मला वाटलं होतं, पण बहुतेक चालल्या. प्रत्येक पडदा यायचा तेव्हा मी आत जरा ताठ व्हायची. प्रत्येक पडदा ओळखीचा निघायचा. मासा. भिंतीवरचा माणूस. पुन्हा रणगाडा, दुसऱ्या रंगाचा.

पाचव्या दुपारी पेटीच्या तळाशी गेलो. नवीन एकही निघाली नाही. बाजूला तीन उरल्या होत्या, ज्या लावल्या की पडदा नुसता करडा व्हायचा. त्या धुण्यानंच गेलेल्या. फुंकलं, उन्हात ठेवलं, मालकांचं खोडरबर फळीवर होतं त्यानं तारा घासल्या. जावेनं फुंकलं. परत लावलं. करडा तो करडाच.

त्या तिन्हींतली एक त्यांची. कुठली ते कुणालाच कळणार नाही, आणि तिच्यात काय होतं तेही नाही. महिनाभर चालू स्थितीत माझ्या घरात होती.

मी रिमोट खाली ठेवला. वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तेवढं तरी वाटेल. डाळ भिजवायची आहे एवढं आठवलं.

जाऊ चिकटपट्टी आणि पेन धरून बसलेली. म्हणाली, "आक्का, ह्या चालंनात. पन ती मोटारसायकलची ह्यातच आसंल न्हवं?"

"ह्यातच."

"मग कशावर लिहू?"

"तिन्हीवर लिही."

"तिन्हीवर मोटारसायकल?"

"व्हय."

तिनं तिन्हीवर लिहिलं, नीट, एक अक्षर न चुकता. मी पेटी त्यांच्या कॉटखाली सरकवली.