फीपोटी शिवलेले कोट

गणवेशांच्या कारखान्यात मावशी बाह्या जोडायची. सगळ्यांचीच ती मावशी. मालकाचीसुद्धा, पगार थकवीपर्यंत. महिनोन् महिने आज-उद्या करून एके दिवशी त्याने दाराला कुलूप ठोकलं. बाकीच्या बायका नशिबाला बोल लावत घरी गेल्या. मावशी कामगार न्यायालयात गेली.

वकिलाला द्यायला दमडी नव्हती. तो म्हणाला, "कोट शिवता येतो ना? मग फीचं बघू."

झालं. आधी वकिलाचे काळे कोट, मग त्याच्या ज्युनियरांचे, मग मेहुण्याचे. काळ्या कापडावर काळा दोरा, तोही दिव्याच्या उजेडात. डोळे शाबूत राहिले असते तरच नवल. पण वकिलाने शब्द दिला होता, "जिंकलो की वकिलाच्या फीचा खर्च मालकाकडून वसूल, तो तुमचा." थकलेला पगार उधारीपोटी दुकानदार आणि घरमालक गिळणार हे ठरलेलंच होतं, खर्चाच्या पैशांतून मावशी डोळ्यांचं ऑपरेशन करणार होती.

जिंकली. पगार व्याजासकट द्यायचा हुकूम झाला. मग न्यायाधीशबाईंनी विचारलं, "वकिलांना फी किती दिलीत?"

"पैसे कुठले बाई? कोट शिवून दिले. त्यांच्या अंगात आहे तोही माझाच."

मालकाचा वकील खुदकन हसला. न्यायाधीशबाईंनी मावशीच्या वकिलाकडे पाहिलं. त्याने कोटाचं बटण लावलं. "प्रेमाने दिले त्यांनी. मी फी घेतलेली नाही."

फी नाही, तर खर्च कसला? खर्चाची मागणी तेवढी फेटाळली.

बाहेर वकील करवादला, "गप्प बसला असतात तर मी आकडा सांगितला असता."

"आणि प्रेमाचं कोण बोललं?"

त्याला दुसरी तारीख होती. तो गेला.

घरी नणंदेने सगळं ऐकून घेतलं. "शिंप्याने शिवलं की मजुरी, तू शिवलंस की प्रेम. छान आहे."

मशीनवर वकिलाच्या मेहुण्याचा अर्धा कोट पडला होता. मावशीने ब्लेड मागितलं.

"फाडतेस की काय?"

"कापड त्याचं आहे. शिवण माझी. तेवढी काढून घेते."

ती बाही उसवायला बसली. काळ्यात काळं. बोटाने टाका चाचपायचा आणि अंदाजाने ब्लेड फिरवायचं. थोड्या वेळाने दोऱ्याऐवजी कापडच चरचरलं. मावशीचा हात थांबला.

नणंदेने कोट दिव्याखाली धरला आणि बाहीतून आरपार पाहिलं. "आता कापडाचे पैसे मात्र तो मागेल," ती म्हणाली.