'देता येईल' आणि 'देण्यात येईल'

"ताई, सुधारणा मागे घ्या. मंत्री आश्वासन देतायत ना," आमच्याच पक्षाचे प्रतोद मागून कुजबुजले. प्रतोद म्हणजे कोणी कधी उठायचं अन् कधी गप्प बसायचं, हे सांगणारे गृहस्थ.

आता मी आजी झालेय, पण ही गोष्ट मी नवी कोरी आमदार होते तेव्हाची. विधेयक आमच्याच सरकारचं: भाजी पिकवणाऱ्यांना गावच्या बाजारात बसायला पक्का ओटा. माझी धाकटी जाऊ शांता मालेगावात रस्त्याच्या कडेला मोटरसायकलींचा धूर खात मेथी विकायची. ओट्याचा शब्द मी तिला दिला होता.

स्वतःला मोठी शहाणी समजायचे मी. विधेयकाचं 'पहिलं वाचन' आहे म्हटल्यावर चष्मा पुसून, पदर सावरून बसले, जशी पोथी ऐकायलाच आले. मंत्र्यांनी विधेयकाचं नाव घेतलं अन् खाली बसले. झालं वाचन. बाकीचं कधी वाचतात, असं मी शेजारच्या आमदारांना विचारलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग रागारागात मीच ते सगळं वाचलं. तिसऱ्या कलमात होतं, ओटा 'देता येईल'. हे दोन शब्द ऐकत माझी सासू म्हातारी झाली होती. देता येईल म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर. मी लेखी सुधारणा दिली: 'देण्यात येईल'.

दुसऱ्या वाचनात एकेक कलम मताला टाकतात. तिथला रिवाज असा, की मंत्र्यांनी 'नियम करताना पाहू' म्हणायचं अन् आमदारानं आभार मानून सुधारणा मागे घ्यायची.

"नियमात पाहता, त कायद्यात काहून नाही?" मी माईकवरच विचारलं. "मी मागं घेत नाही. टाका मताले."

वेळ जेवणानंतरची. आमची बाकं अर्धी रिकामी, विरोधकांची भरलेली, अन् ते खुशीत बाकं वाजवायला लागले. प्रतोद आमचे आमदार गोळा करायला कँटीनकडे पळाले. मंत्र्यांनी मागे वळून रिकामी बाकं पाहिली; मतं मोजली असती तर सरकारच हरलं असतं.

"सुधारणा स्वीकारतो," ते म्हणाले.

तिसऱ्या वाचनात अख्खं विधेयक मंजूर झालं. मग विधान परिषद, राज्यपालांची सही, अन् राजपत्रात छापून आल्यावर कायदा.

मालेगावच्या साहेबांनी सवयीनं 'पाहू' म्हटलं, तर शांता म्हणाली, "पाहू नाही साहेब, देण्यात येईल लिहेल हाये." ओटा मिळाला.

वाचन म्हणतात तिथं कोणी वाचत नाही, आपलं आपण वाचावं. पुढच्या निवडणुकीत पक्षानं कळवलं, ताईंना तिकीट देता येईल. मी त्याच दिवशी आमदार निवासातलं सामान बांधलं.