फरशीवरून पाणी गेलं त्या दुपारी

नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. श्रावणातल्या एका रविवारी त्या म्हणाल्या, "पेठकडचे डोंगर बघून येऊ. गाडी नुसती उभी आहे." गाडी त्याची होती. मी ती शहरातच, गंगापूर रोडवर भाजीबिजी आणण्यापुरती चालवायचे, घाटात कधीच नाही. पण त्यांनी आपणहून काही मागितल्याला किती महिने झाले होते. मला नाही म्हणवेना.

जाताना चांगलं ऊन होतं. भाताची खाचरं हिरवीगार, डोंगरांवरून पाण्याच्या बारीक धारा. सासूबाई काच खाली करून बसल्या होत्या. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, आम्ही भाजलेली कणसं खाल्ली. आजचा दिवस बरा जाईल, असं मला वाटलं.

घाट उतरलो आणि आभाळ अंधारून आलं. वाऱ्याने गाडी हलायला लागली. वायपर चालू असूनही समोरचं दिसेना. पुढे झाडाची मोठी फांदी रस्त्यावर आडवी पडली. गाडी वळवून मागे आले, तर मघाशी ओलांडलेल्या ओढ्याच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. मी ब्रेक दाबून गाडी तिथेच थांबवली. तेवढ्यात कडेच्या घरातून एक बाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून धावत आली आणि काच वाजवून म्हणाली, "गाडीत नका बसू, झाडं पडत्यात. घरात या."

तिने आम्हाला चुलीजवळ बसवलं, अंगावर घ्यायला गोधडी दिली, कोरा चहा केला. नागलीच्या भाकरी थापता थापता मला विचारलं, "ताई, तुमचे मालक नाय आले संगं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "त्याला सुट्टी नाही मिळाली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चुलीकडे बघत होत्या.

"कुठं कामाला हायेत?"

"कारखान्यात. रविवारीसुद्धा बोलावून घेतात." आवाज अगदी साधा, शेजारणीशी बोलावं तसा. मग त्या बोलतच राहिल्या. त्याला भाकरी करपलेलीच आवडते. चिडला की जेवत नाही, पण अर्ध्या तासाने स्वतःच वाढून घेतो. वर्षभर त्याच्याबद्दल बोलताना सगळे 'होता' म्हणत होते. त्या घरात तो पुन्हा 'आहे' झाला. मी त्यांना अडवलं नाही. त्यांनी थांबू नये असंच मला वाटत होतं.

"मग आज काळजीत असतील," बाई मला म्हणाली. "फोन लावा की त्यांना."

मी मोबाइल काढून पाहिला. "रेंज नाही," म्हणाले. ते खरंच होतं.

पाणी ओसरायला संध्याकाळ झाली. निघताना तिने दोन भाकरी आणि चटणी कागदात बांधून दिली. "त्यांना द्या. आजींनी एवढं सांगितलं ना." सासूबाईंनी ती पुरचुंडी पदरात घेतली.

घाट चढून वर आलो. मग त्या एकदम रडायला लागल्या, लहान मुलासारख्या, आवाज करून. मी गाडी कडेला घेतली.

"तुला राग आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मला तोंडाने एकदा तसं म्हणून बघायचं होतं."

मी त्यांचा हात धरून बसले. मला रडू आलं नाही. ते घरी पोचल्यावर, गाडीची किल्ली खुंटीला लावताना आलं.

भाकरी आम्ही दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ल्या.

पुढच्या पावसाळ्यात ओळखीचे लोक त्या बाजूला निघाले, आम्हालाही चला म्हणाले. सासूबाईंनी गुडघे दुखत असल्याचं सांगितलं. मीही आग्रह केला नाही. त्या घरावरून जावं लागलं असतं. बाई ओळखून बाहेर आली असती, आणि तो कसा आहे, असं तिने विचारलं असतं.