हळद पुसल्यावरचा आकडा

“आणखी एकदा मोजू,” असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवत. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला घड्याळ बघून वेळ सांगतानाही आपण दोनदा बघतो.

बाजारात ते भाजी पुन्हा तोलायला लावत. एकदा वजन जास्त भरलं, तर त्यांनी पिशवीतलं वांगं काढून परत ठेवलं.

“असू द्या की, सर,” भाजीवाली म्हणाली.

“काहून, मावशी? तुमचं हाय ते.”

त्यांची पीएचडी रेडिओलहरींच्या फिल्टरवर चालू होती. लहरींच्या गर्दीतून हवी तेवढीच चाळून घेणारी, बोटभर लांबीची तांब्याची पट्टी. ती ते घरीच करत. प्लास्टिकच्या टबात रसायन ओतायचं आणि नको तेवढं तांबं त्याला खाऊ द्यायचं. त्यापायी त्यांची बोटं कायम तपकिरी. “पोरं विचारतात, सर कात खाता का,” सरांच्या घरच्या बाई हसून सांगायच्या.

मोजायचं यंत्र मात्र औरंगाबादला, विद्यापीठात. दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा दिवस मिळायचा. पट्ट्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, लेकरासारख्या मांडीवर घेऊन सर एसटीनं जात. सोबत मी.

एका खेपेला, पट्टी नेमकी कोणती लहर चाळते त्याचा यंत्रावरचा आकडा सरांच्या गणिताशी जुळला. इतकी वर्षं तो जुळत नव्हता. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे मार्गदर्शक त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर सगळं पहिल्यापासून.

पट्टी गुंडाळायला घेतली तर फडकं पिवळं. सकाळची एसटी चुकल्यानं आम्ही औंढ्यापर्यंत टेम्पोत हळदीच्या पोत्यांवर बसून गेलो होतो.

“सर, पट्टीवर हळद बसली वाटतं.”

त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पट्टी पुसली. “आणखी एकदा मोजू.”

आकडा सरकला. हळदीच्या दमट थरानंच तो खाली ओढून बराबर गणितावर आणून ठेवला होता. मी जीभ चावली.

“पहिलाच आकडा लिवा, सर. कोणाला कळून राहिलं?”

“आपल्या दोघाला कळलं न्हाई का?”

परतीच्या एसटीत सरांनी पट्ट्या पुन्हा मांडीवर घेतल्या. जिंतूर आल्यावर ते म्हणाले, “तुमाला भूक लागली असंल.”

त्या उन्हाळ्यात प्रबंध गेला नाही. सरांनी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे नव्यानं नाव नोंदवलं, पण काम अर्ध्यावर असतानाच छातीत कळ येऊन ते गेले. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लागलंच नाही. ते माझ्या तोंडापायी, असं मला सारखं वाटायचं. मी गप्प बसलो असतो तर? हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

कॉलेजातलं त्यांचं कपाट मलाच रिकामं करावं लागलं. खालच्या कप्प्यात ती पट्टी होती, त्याच फडक्यात, आणि शेजारी प्रयोगाची वही. त्या दिवसाच्या पानावर दोन आकडे: ‘हळदीसकट’ आणि ‘हळद पुसल्यावर’. दुसऱ्याखाली ठळक रेघ. आणि रेघेखाली सरांच्या नीटस अक्षरात: ‘चूक वेळेवर पकडली’, पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

हजेरीपट सोडला, तर कॉलेजच्या कुठल्याही वहीत माझं नाव आलेलं ते पहिलंच.