उडी न मारता गायलेलं गाणं

काल संध्याकाळपासून माझा जीव जागेवर नाही. सकाळी प्रार्थनेला बसले तर दोनदा चुकले आणि शेवटी देवालाच म्हटलं, तू होतास ना काल तिथे, मग समजून घे. आज अक्षर वाकडंतिकडं येणार. येऊ दे. टुणकीबद्दल एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

टुणकी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलंय. चालायला लागण्याआधी ती उड्या मारायला लागली, असं ताई सांगते. त्यात थोडं तिखटमीठ असेलही, पण आमच्या पलंगाची फळी तिनंच मोडली याची मी साक्षीदार आहे. रेडिओवर गाणं लागलं की ही पलंगावर, आणि टुणकन, टुणकन! पाय मात्र बरोबर ठेक्यावर टेकायचे. आमचे हे म्हणाले होते, "फळी मोडली ते मोडली, पण तालात मोडली हो पोरीनं."

शाळेत असतानाच तिनं बँड काढला. नाव 'चिवचिव'. गाणारी टुणकी, गळ्यात छोटा कीबोर्ड अडकवणारी तिची मैत्रीण चष्मिस, आणि जुळ्या बहिणी. त्यांतली थोरली गिटार वाजवते, धाकटी साथीला गाते. ड्रम वाजवणारं कोणी मिळेना. मग काय, चौघी एकदम उड्या मारायच्या आणि स्टेजच्या फळ्या धाडधाड वाजायच्या. तोच ड्रम. 'उडी मार, ढग गाठ' हे त्यांचं गाणं इतकं चाललं, की शाळांची संमेलनं, पोरांचे वाढदिवस, जिथे तिथे या चौघी. ताई शिवणकाम करते. तिनं झालरींचे असे रंगीत झगे शिवले होते, की लांबून चार पतंग उडताहेत असं वाटावं.

पण पोरी मोठ्या झाल्या, गाणं तेवढंच राहिलं. टुणकी आता चपलाबुटांच्या दुकानात काम करते. शिडीवर चढून खोकी काढायची, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बूट चढवायचे, आणि "जरा चालून बघा" म्हणायचं. एकदा एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. ही खाली बसून त्या पोरीचा पट्टा लावतेय, तेवढ्यात ते ओरडले, "अरेच्चा, तू ती उड्या मारणारी ना? मार की एक, आमच्या छकुलीसाठी!"

टुणकी हसली. उडी काही मारली नाही. संध्याकाळी मात्र माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मावशी, मी म्हातारी झाले तरी लोक मला उडीच मारायला सांगणार का गं?"

"गुडघे दुखतात म्हणून सांग," मी म्हटलं.

"थट्टा नको ना. मी एक गाणं लिहिलंय. हळू आहे. त्यात उडी नाही."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. तिनं तिथेच म्हणून दाखवलं.

*जरा चालून बघा, टोचतंय का कुठे,*
*नवं आहे अजून, सैल होईल हळूहळू.*

दिवसभर दुकानात बोलायचं वाक्य, पण तिच्या आवाजात ते वेगळंच झालं.

तिनं लगेच आमच्या इथल्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना गाठलं. गृहस्थ सरळ पण तोंडाचे तिखट. म्हणाले, "एक संध्याकाळ देतो. मोठी माणसं शेवटपर्यंत खुर्चीत बसली, तर दर महिन्याला या. उठून गेली, तर पुन्हा वाढदिवस आहेतच तुमचे." जुळ्यांनी तर सांगूनच टाकलं, हे जमलं नाही तर बँड बंद, आता झगे घालून नाचायची लाज वाटते. म्हणजे टुणकीचं सगळं त्या एका संध्याकाळवर आलं.

तालीम आमच्या मागच्या खोलीत. जुन्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, वरचा जुना पंखा लावला आणि चौघी सुरू. मोठी माणसं उभी राहून गातात, असं ठरवून चौघी खांबासारख्या उभ्या. ताईनं राखाडी, साधे, पायघोळ झगे शिवले. शिवताना तिचा चेहरा असा, जणू कोणी गेलंय. "एक तरी झालर लावू दे गं," म्हणत होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी टणक टाचांचे नवे बूट वापरायला दिले, पण बजावून. "स्टेजवर नुसतं उभं राहायचं. तळ झिजले तर बघा!"

तालमीत गाणं इतकं गोड जमलं, की ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. ह्यांच्याकडून याहून मोठी दाद मी आजवर पाहिलेली नाही.

आणि काल ती संध्याकाळ आली. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत नेहमीची चिल्लीपिल्ली, मागे त्यांचे आईबाप. मी पदरात हात घट्ट धरून देवाचं नाव घेत बसले. पडदा सरकला. चार राखाडी पोरी, चार जोडी चकचकीत बूट. टुणकीनं सूर लावला.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला गिटार पुढे, कीबोर्ड मागे, आणि साथीची धाकटी कुठल्या तरी तिसऱ्याच गावाला. एकमेकींकडे डोळे वटारून बघताहेत, पण जुळेना. पुढून एक पोरगं ओरडलं, "उडी मार!" मग सगळीच, "उडी मार! उडी मार!" मागे दोन-तीन खुर्च्या वाजल्या. लोक उठायला लागले होते.

इतक्यात हे माझ्या कानाशी लागले, "अगं, पंखा कुठाय?"

"उकडतंय तर बाहेर जाऊन बसा!" मी चिडलेच.

"आपला पंखा गं! खट, खट, खट वाजतो तो. इतके दिवस त्याच्यावर गात होत्या पोरी!"

मी चटकन वर पाहिलं. छत गुळगुळीत, एकही पंखा नाही, गार हवा येत होती ती बिनआवाजाची. टुणकीही त्याच क्षणी मान वर करून छताकडे बघत होती. तिलाही उमगलं होतं. या पोरींनी उभं राहून ताल कधी धरलाच नव्हता. आधी उड्या होत्या, मग आमचा बिचारा पंखा.

टुणकीनं हात वर करून गाणं थांबवलं. माइकजवळ आली.

"माफ करा," ती म्हणाली. "आम्हाला उभं राहून गाता येत नाही."

लोक हसले. उठलेले जागच्या जागी थबकले. पुढची पोरं सरसावून बसली, आता उडी येणार म्हणून. टुणकीनं झगा घोट्यापाशी थोडा उचलला. आणि ती चालायला लागली. सावकाश, दुकानात नवा बूट घालून माणूस आरशापर्यंत जातो आणि परत येतो, तशी. टाच पडली, टक. पुन्हा, टक. लाकडी फळ्यांवर तो आवाज असा भरून आला! चष्मिस तिच्या मागे निघाली, मग जुळ्या. चार जोडी टाचा, एक ठेका. आणि त्या ठेक्यावर टुणकीनं पहिल्यापासून उचललं, *जरा चालून बघा*...

काय सांगू! गिटार बसली, कीबोर्ड बसला, धाकटीचा आवाज टुणकीच्या सुरांत विरघळला. उठलेली माणसं हळूच खाली बसली. उड्या मागणारी पोरं तोंडं उघडी टाकून चूप. दुकानातले ते छकुलीचे वडील माझ्या पुढच्याच रांगेत होते. त्यांचा बूट जमिनीवर टक, टक चालला होता, त्यांना पत्ताही नव्हता. मालकीणबाई तेवढ्या "तळ, माझे तळ!" असं पुटपुटत होत्या, पण तेही तालात.

गाणं संपलं तेव्हा कोणीही दारात नव्हतं. सगळे खुर्चीतच होते, आणि मग एकदम उभे राहिले ते टाळ्या वाजवायला. ताई रडत रडत म्हणाली, "झालर नव्हती तेच बरं झालं, पायात आली असती."

आम्ही धावत स्टेजच्या मागे गेलो. व्यवस्थापक कमरेवर हात ठेवून उभे. टुणकीचा चेहरा पांढराफटक.

"पुढच्या महिन्यापासून या," ते म्हणाले. "आणि खाली फळ्यांपाशी एक माइक लावतो. पाय तुमचे छान गातात."

मग टुणकीनं पायघोळ झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि टुणकन उडी मारली. मागोमाग तिघींनी. फळ्या धाडधाड वाजल्या. "अहो, स्टेज मोडेल माझं!" असं व्यवस्थापक ओरडत राहिले, पण ऐकतंय कोण? कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं, तिची तिनं मारलेली उडी होती ती.

"मावशी, ये ना!" तिनं माझा हात ओढला.

मग मीही मारली एक. छोटीशीच. गुडघे देवाच्या हवाली करून.